‘काही नाही’ म्हणजे नक्की काय?

मोठ्या धक्क्यानंतर प्लॅस्टर सहा आठवड्यांत निघतं, मनाचं मात्र कुणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर आपण एक ठरलेलं उत्तर देतो. त्या उत्तराने माझं घर, माझी नोकरी आणि एक जिवाभावाचं नातं कसं पणाला लागलं, त्याची ही गोष्ट.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग असा का बसलायस?’’

‘‘काही नाही म्हटलं ना एकदा!’’

तुमच्याही घरात होतो ना हा संवाद? आमच्याकडे तो तीन वर्षं जवळपास रोज व्हायचा. माझी बायको विचारायची, मी ‘काही नाही’ म्हणायचो, मग कुणीतरी दार आपटायचं. बहुतेक वेळा मीच. गंमत म्हणजे मला खरंच वाटायचं, की मी खरं बोलतोय. काही झालेलंच नव्हतं. जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं.

जुलै २०१९. मुंबईतली क्लायंट मीटिंग लांबली, जेवणं झाली आणि रात्री उशिरा आम्ही तिघं पुण्याला निघालो. एक सहकारी गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र मागे. घाटाच्या आधी फूड मॉलला थांबलो. चहा, बटाटेवडा, नेहमीचा टाइमपास. मला जांभया यायला लागल्या तेव्हा मित्र म्हणाला, ‘‘तू मागे झोप. मी पुढे बसतो, याला जागं ठेवतो.’’

बोरघाटात पाऊस धो धो कोसळत होता. जड वाहनांनी डाव्या लेनमधून चालायचं हा नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तो किती पाळला जातो हेही. मधल्या लेनमध्ये चढावर रांगणारा एक ट्रक, मागचे दिवे बंद. आमच्या गाडीची डावी बाजू त्याच्याखाली गेली. चालवणारा वाचला. मागे झोपलेला मी पट्टा न लावताही वाचलो, कॉलरबोन आणि दोन बरगड्यांवर भागलं. माझ्या सीटवर बसलेला माझा मित्र वाचला नाही.

सहा आठवड्यांनी मी ऑफिसला गेलो. सगळे म्हणाले, ‘‘नशीबवान आहेस.’’ आईने मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. लग्नाला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. चॅप्टर क्लोज्ड, असं मी ठरवून टाकलं.

लॉकडाऊनने झाकलं

पहिले काही महिने झोप लागायची नाही. लागली तर दचकून जाग यायची. ओल्या रबराचा आणि डिझेलचा वास आला की पोटात गोळा. मी रिक्षाने, बसने, लोकांच्या टू-व्हीलरवर मागे बसून फिरायचो, पण कारच्या पुढच्या डाव्या सीटवर कधीच नाही. कुणी विचारलं तर, ‘‘पाय लांब करायला मागे बरं पडतं!’’

मग मार्च २०२० आला. लॉकडाऊन! सगळ्या जगाची वाट लागलेली असताना मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. ऑफिस घरी, मुंबईच्या मीटिंगा स्क्रीनवर, कुठे जायचा प्रश्नच नाही. त्याच एप्रिलमध्ये घाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल स्फोट करून पाडला. टीव्हीवर ते दृश्य दिसलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास नळ सोडून बसलो. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय झालं?’’ उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

दोन वर्षं अशी गेली. टाळता येत होतं म्हणून टाळत राहिलो आणि टाळत राहिलो म्हणून ते वाढत राहिलं. पुढे ऑफिस सुरू झालं तेव्हा मी मुंबईची प्रत्येक मीटिंग काही ना काही कारण काढून चुकवायला लागलो. आज ताप, उद्या पाहुणे. अप्रेझलमध्ये शेरा आला, ‘पुढाकार कमी झाला आहे.’ घरी चिडचिड. चमचा खाली पडला तरी मी ओरडायचो. मित्राची आई, आमच्या सगळ्यांच्या काकू, दर दिवाळीला फोन करायच्या. स्क्रीनवर नाव दिसायचं. मी फोन उलटा करून ठेवायचो.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर तीच बातमी. मागच्या सीटवर पट्टा लावणं किती गरजेचं, याच्यावर टेबलाटेबलावर चर्चा. माझ्या हातातला ट्रे कधी पडला मला कळलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसलो होतो आणि मला घाम, पाऊस, काचा, सगळं एकाच वेळी जाणवत होतं. कुणीतरी म्हणालं, हार्ट अटॅक. ईसीजी काढला. नॉर्मल! डॉक्टर भला माणूस होता. रिपोर्ट बाजूला ठेवून त्याने विचारलं, ‘‘मागे कधी मोठा अपघात वगैरे?’’

नाव मिळालं

त्या डॉक्टरांनी मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आधी मला राग आला. मी काय वेडा आहे? मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर चार रकाने होते. घटना पुन्हा पुन्हा समोर येणं, स्वप्नात किंवा जागेपणी. तिची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, दोषी वाटणं, कशातच जीव न रमणं. आणि सतत सावध राहणं, म्हणजे दचकणं, चिडणं, झोप उडणं. ‘‘यातलं तुमचं काय काय?’’ मी चारही रकान्यांत खुणा केल्या. परीक्षेत इतके मार्क कधी पडले नव्हते!

पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. पीटीएसडी. मला वाटायचं हे अमेरिकी सैनिकांना होतं, सिनेमात. अगदीच चूक नव्हतं ते. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान आपल्या यादीत घेतलं. पण त्याला युद्धच लागतं असं नाही. भूकंप, बॉम्बस्फोट, बलात्कार, मारहाण, रस्त्यावरचा अपघात, काहीही पुरतं. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, २६/११... यातून वाचलेली किती माणसं ‘काही नाही’ म्हणत घरी गेली असतील, कोण जाणे.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला महत्त्वाची वाटते. धक्क्यानंतरचे पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते टिकलं आणि कामात, नात्यांत आडवं यायला लागलं, तर मात्र मदत घ्यायची. मी तीन वर्षं थांबलो होतो.

‘‘असं का होतं पण?’’ मी विचारलं. त्यांनी दिलेलं उदाहरण अजून लक्षात आहे. आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो, अमिग्डाला. साधी आठवण मनात तारीख घालून फाइल होते. अशी आठवण तारखेशिवायच पडून राहते. त्यामुळे वास आला, पाऊस आला, की घंटेला वाटतं हे आत्ता चाललंय. आपण पळतो, घंटा थांबते आणि मेंदू शिकतो, की पळालो म्हणून वाचलो!

शिडी

उपाय म्हणजे न पळणं. पण एकदम नाही, पायरी पायरीने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांनी विकसित केलेली ही पद्धत, आठवड्याला एक अशा साधारण आठ ते पंधरा बैठकांची. त्यात दोन कामं. एक, ती रात्र डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी मोठ्याने सांगायची, रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. दुसरं, टाळलेल्या गोष्टींची शिडी करायची.

माझी पहिली पायरी होती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत, पुढच्या डाव्या सीटवर बसणं. वीस मिनिटं! वॉचमनला वाटलं, साहेबांचं घरात भांडण झालंय. मग बाणेर रोडला एक चक्कर. मग दिवसा उर्से टोलपर्यंत. मग लोणावळा. मग घाट, उजेडात. आणि जुलै २०२३ मध्ये, पावसात, रात्री, मुंबईहून परत. हात थरथरत होते, पण घंटा वाजता वाजता थकली.

झोपेसाठी आणि उदासीसाठी मी काही महिने सायकिअॅट्रिस्टच्या देखरेखीखाली गोळ्याही घेतल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटावी असं होतं ते आधीचं, म्हणजे रोज रात्रीचे दोन पेग आणि मित्राकडून आणलेल्या झोपेच्या गोळ्या. त्याने झोप येत नाही, नुसती शुद्ध जाते.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, झालं, सुटला बिचारा. मलाही तसंच वाटलं होतं. खरा पेपर पुढेच होता.

आकड्यांची भाषा

भीती कमी झाली, तरी घरातलं वातावरण काही बदललं नाही. मी बरा होत होतो आणि बायको गप्प गप्प होत चालली होती. एका बैठकीला मॅडमनी तिलाही बोलावलं. ‘‘तो चिडतो तेव्हा तुम्हाला काय वाटतं?’’ त्यांनी विचारलं. ती म्हणाली, ‘‘लग्न करून पस्तावलाय, असं वाटतं. अपघाताआधी आठ महिनेसुद्धा नीट मिळाले नव्हते आम्हाला. मला वाटलं, हा असाच असेल.’’

मी उडालोच. तीन वर्षं ती माझ्या प्रत्येक ‘काही नाही’चा अर्थ ‘तू नकोस’ असा लावत होती! आणि का लावणार नाही? आपण मूड सांगितला नाही तर समोरचा काही रिकामा बसत नाही. तो स्वतःच कारण शोधतो आणि जवळचा माणूस कारण शोधताना आधी स्वतःकडेच बघतो. मला वाटत होतं, मी तिला माझ्या दुःखापासून लांब ठेवतोय. प्रत्यक्षात मी तिला दुसरंच, जास्त वाईट दुःख देत होतो.

मग आम्ही एक साधा नियम केला. ‘काही नाही’वर बंदी! त्याऐवजी आकडा. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे आता कोसळणार. भीती अशी आकड्यात मोजायची पद्धत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची. त्यांचा तक्ता शंभरपर्यंत होता, आम्ही दहावर भागवलं. आकड्याचा फायदा असा, की शब्द शोधावे लागत नाहीत. माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्याकडे भावनांसाठी ‘ठीक’ आणि ‘डोक्यात गेलं’ एवढे दोनच शब्द होते, त्याला हे बरंच सोपं गेलं. हळूहळू आकड्याशेजारी शब्दही यायला लागले. ‘सहा, आणि ते घाबरल्यामुळे.’ ‘पाच, पण आज नुसतं वाईट वाटतंय.’ २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं होतं, की भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डालाची धावपळ कमी होते. आजी म्हणायची तेच, बोललं की हलकं वाटतं!

पण आकडा एकटा पुरत नाही. म्हणून तीन वाक्यं. काय होतंय, कुणामुळे नाही आणि काय हवंय. उदाहरणार्थ, ‘‘माझं सात झालंय. तुझ्यामुळे नाही. वीस मिनिटं गॅलरीत बसतो, मग चहा पिऊ.’’ यातली वीस मिनिटं फार महत्त्वाची आहेत हं. नुसतं ‘मला एकटं सोड’ म्हटलं, की मागे राहिलेल्याला कळत नाही किती वेळ. परत यायची वेळ सांगितली, की तो निर्धास्त असतो. आणि वीस मिनिटांनी खरोखर यायचं. न चुकता.

पहिल्या महिन्यात मी या पद्धतीचा पुरता गैरवापर केला. एकदा भाजीत मीठ जास्त पडल्यावरून बोल बोल बोललो आणि वर म्हणालो, ‘‘सांगितलं होतं ना, आज आठ आहे माझं!’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘आकडा सांगितलास म्हणून मी ऐकून घ्यायचं, असं ठरलेलं नाही. आणि एक विचारू? माझा आकडा किती आहे, हे तू कधी विचारलंस?’’

मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘सहा. तीन वर्षांपासून.’’

त्या रात्री मी भांडी घासली आणि ती बोलली. तीन वर्षांचं. त्या दिवसापासून आमच्या फ्रिजवर दोन आकडे असतात, मॅग्नेटने लावलेले, एक तिचा आणि एक माझा. मूड सांगणं म्हणजे माफीचं आगाऊ पत्र नाही, हे मला तेव्हा कळलं. चिडलो तर सॉरी म्हणायचंच. पीटीएसडी हे कारण असेल, सबब नाही.

सगळ्यांना सगळं सांगायचं नाही

आईला आकडे कळत नाहीत. तिला मी ‘सात’ म्हटलं तर ती विचारेल, ‘‘सात काय रे? वाजले?’’ तिच्यासाठी आमची भाषा वेगळी आहे. ‘‘आई, आज आभाळ आलंय.’’ बस्स! ती प्रश्न विचारत नाही, मऊ भात आणि मेतकूट समोर ठेवते. बाबांना तर तेवढंही लागत नाही. मी टीव्हीवरची अपघाताची बातमी बदलली की ते रिमोट पुन्हा हातात घेत नाहीत.

ऑफिसमध्ये मात्र वेगळा फंडा. तिथे गोष्ट सांगायची गरज नाही, गरज सांगायची. मी बॉसला एवढंच म्हणालो, ‘‘२०१९ च्या अपघातानंतर मला रात्री, पावसात घाटातून गाडीने येणं जड जातं. ट्रीटमेंट चालू आहे. मुंबईची कामं मी करीन, पण सकाळी डेक्कन क्वीनने जाईन आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येईन.’’ तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘अरे, मला वाटलं तू दुसरी नोकरी शोधतोयस.’’ बघा! पुन्हा तेच. मी रिकामी ठेवलेली जागा त्यानेही स्वतःच्या अंदाजाने भरली होती.

सगळ्यांचे बॉस असे नसतात, हे मान्य. म्हणून कुणाला किती सांगायचं हे आधी ठरवावं. ज्याच्यावर आपल्या मूडचा रोज परिणाम होतो त्याला जास्त, ज्याच्याकडून एखादी सोय हवी त्याला तेवढंच आणि ज्याला नुसती उत्सुकता आहे त्याला काहीच नाही.

काकू

शिडीची शेवटची पायरी घाटात नव्हती. ती कोथरूडमध्ये होती, दुसऱ्या मजल्यावर. २०२४ च्या दिवाळीत काकूंचा फोन आला आणि मी उचलला. म्हणालो, ‘‘काकू, मी रविवारी येतो.’’

रविवारी त्यांच्या दारात माझा आकडा नऊ होता. हॉलमध्ये त्याचा फोटो. मी बसलो आणि तयार करून आणलेली वाक्यं सगळी विसरलो. शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘काकू, मला खूप भीती वाटतेय तुमच्याशी बोलायची. तुमच्यामुळे नाही. त्या रात्री पुढे मी बसलो होतो. फूड मॉलला आम्ही जागा बदलली. मला झोप येत होती म्हणून.’’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पंखा चालू होता तेवढाच आवाज. मग म्हणाल्या, ‘‘पाच वर्षं तू फोन उचलला नाहीस. मला वाटायचं, याला आमचा राग आलाय. गाडी काढायचा हट्ट आमच्या मुलाचा असेल, म्हणून.’’

पाच वर्षं! मी स्वतःला दोष देत फोन उलटा ठेवत होतो आणि तिकडे त्या आपल्या गेलेल्या मुलाला दोष देत होत्या.

‘‘नाही हो काकू,’’ मी म्हणालो, ‘‘त्याने तर मला झोपू दिलं.’’

मग आम्ही दोघंही रडलो. त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘जेवून जा.’’

आता मी महिन्यातून एकदा जातो. जुलै अजूनही जड जातो. पाऊस कोसळायला लागला की फ्रिजवर माझा पाच लागतो, कधी सहा. अगदी शून्य होईल असं वाटत नाही. पण परवा संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो, बायको आली आणि तिने विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘चार,’’ मी म्हणालो. ‘‘तुझं?’’

‘‘दोन. चहा टाकू?’’

तुमच्या माणसांशी बोलताना...

• मोठा धक्का बसून महिना उलटला आणि तरीही झोप, काम, नाती बिघडलेली असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअॅट्रिस्टकडे जा. यावर नेमके उपचार आहेत. ‘वेळ हे औषध आहे’ म्हणत वर्षं घालवू नका.

• मूड कसा सांगायचा ते बरं वाटत असताना ठरवा. आठवर असताना नवे नियम बनत नाहीत.

• तीन वाक्यं पाठ करा. काय होतंय, कुणामुळे नाही, काय हवंय. बाजूला जाणार असाल तर परत यायची वेळ सांगा आणि पाळा.

• ऐकणाऱ्यांसाठी : ‘विसरून जा’, ‘देवाची कृपा समज’, ‘इतरांचं बघ’ हे टाळा. घटनेचे तपशील खोदून विचारू नका. ‘आत्ता काय करू?’ एवढंच विचारा.

• सोबत राहणाऱ्याचाही आकडा असतो. रोज विचारा.

• दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, दोन्ही नको.

• जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.